एकवीस मिनिटं चालती, वीस मिनिटं थांबलेली: महामार्गावर बंद पडलेल्या गाडीचं एक प्रकरण

या प्रकरणात कोणी दगावलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना लक्ष शेवटाकडे न राहता मधल्या मिनिटांकडे राहील. चालकांच्या प्रशिक्षणात मी हे प्रकरण बऱ्याचदा वापरतो. नावं, ठिकाण आणि तारीख काढून टाकली आहे. वेळा चालकाच्या फोनमधल्या नोंदींवरून जुळवल्या आहेत आणि जिथे नोंद नव्हती तिथे त्याच्या आठवणीवर भरवसा ठेवला आहे. धडकलेल्या व्हॅनच्या चालकाशीही नंतर बोलता आलं. बहुतेक प्रकरणांत ही दुसरी बाजू मिळत नाही.

पार्श्वभूमी

गाडी सात वर्षांची, हातगिअरची, पेट्रोलवर चालणारी. चालक पस्तिशीतला, रोज गाडी चालवणारा आणि सावध म्हणावा असा. शेजारच्या सीटवर त्याची आत्या होती, वय सत्तरच्या पुढे, दोन्ही गुडघे दुखरे. मागे आत्याची सात वर्षांची नात झोपलेली. रस्ता चौपदरी, मधे दुभाजक, कडेला लोखंडी कठडा, दिवे नाहीत. पाऊस नुकताच थांबला होता आणि रस्ता ओला होता.

रात्री १०:२० च्या सुमारास डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला. गाडी नेहमीसारखीच चालत होती. घर ४० किलोमीटरवर होतं. चालकाने मनाशी म्हटलं, बॅटरी जुनी झालीय, उद्या बदलू.

बहुतेकांची फसगत इथेच होते. इंजिन चालू असताना हा दिवा लागला, तर बहुतेक वेळा दोष बॅटरीचा नसतो. अल्टरनेटर वीज तयार करत नाही, एवढंच तो दिवा सांगत असतो. म्हणजे त्या क्षणापासून हेडलाइट, वायपर, ब्लोअर म्हणजे एसीचा पंखा, पेट्रोलचा पंप आणि इंजिनातली ठिणगी हे सगळं बॅटरीतल्या साठ्यावर चालतं आणि साठ्यात भर पडत नाही. नव्या बॅटरीवर अर्धा-पाऊण तास निघेल, जुन्या बॅटरीवर किती निघेल त्याचा नेम नाही. या गाडीला २१ मिनिटं मिळाली.

त्या २१ मिनिटांत एक पेट्रोल पंप मागे पडला, उजेड आणि माणसं असलेला. ट्रक थांबतात अशा दोन रुंद मोकळ्या जागाही मागे पडल्या. एसीचा पंखा आणि मागच्या काचेवरचं दव घालवणारी तार, दोन्ही चालूच होती.

गाडी कशी थांबली

१०:४० ला हेडलाइट पिवळे पडले, वायपर रेंगाळू लागले आणि डॅशबोर्डवर चार-पाच दिवे एकदम लागले. स्टिअरिंग जड झालं, कारण या गाडीत ते विजेच्या मदतीने वळतं. गाडी तेव्हा चढावर होती. वेग ७० च्या आसपास. माथा समोर दिसत होता. दोन आचके बसले आणि इंजिन बंद पडलं.

चालकाने गिअर न काढता चालत्या गाडीत दोनदा किल्ली फिरवली, मग घाबरून ब्रेक दाबला. गाडी माथा ओलांडून जेमतेम ६० मीटरवर कडेला थांबली. साइडपट्टी अरुंद होती. गाडी कठड्याला अगदी चिकटवली तरी रहदारीच्या बाजूची दोन्ही चाकं पांढऱ्या रेषेच्या आतच राहिली. कठड्याच्या बाजूचं दार वीतभर-दीड वीतभरच उघडत होतं.

म्हणजे मागून येणाऱ्याच्या दृष्टीने माथ्यापलीकडे लगेच, अंधारात, अर्धी लेन अडवून उभी असलेली गाडी. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारं वाहन सेकंदाला २२ मीटर कापतं. धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ३५ मीटर लागतात, ओल्यावर त्याच्या दुप्पट. एकूण शंभरच्या घरात. दिसणार होते ६०.

चालकाला हे आकडे माहीत नव्हते, आणि असायला हवे होते असंही मी म्हणत नाही. पण आपण माथा ओलांडून थांबलो आहोत, एवढं त्याला दिसत होतं.

पहिली अकरा मिनिटं

१०:४१ ला गाडी थांबली. चालकाने चारही इंडिकेटर लावले, हे बरोबरच. हेडलाइट आणि ब्लोअर मात्र तसेच राहिले. मग तो रहदारीच्या बाजूच्या दारातून उतरला, पुढे जाऊन बॉनेट उघडलं आणि फोनच्या उजेडात आत पाहू लागला. काय पाहत होता, असं मी विचारलं. तो हसला. म्हणाला, ‘काहीच कळत नव्हतं, पण बॉनेट उघडल्यावर काहीतरी करतोय असं वाटतं.’

१०:४४ ला त्याने ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. बोलणं पाच मिनिटं चाललं. मेकॅनिकने अल्टरनेटर गेला असणार हे बरोबर ओळखलं, पण तो तासाभराच्या अंतरावर होता. या पाच मिनिटांत आत्या आणि मुलगी गाडीतच होत्या आणि शेजारून ट्रक गेला की गाडी हलत होती. आत्याने काच खाली करून विचारलं, ‘आम्ही उतरू का रे?’ तो म्हणाला, ‘बसा आत, बाहेर ओलं आहे, गाड्या जोरात येतायत.’

१०:४९ नंतर त्याला रिफ्लेक्टरचा त्रिकोण आठवला. तो डिकीत होता, स्टेपनीच्या शेजारी आणि सगळ्या सामानाच्या खाली. दोन बॅगा, एक पेटी, मुलीची सायकल. हे सगळं रस्त्याच्या कडेला काढून ठेवत तो जवळपास तीन मिनिटं गाडीच्या मागे, रहदारीकडे पाठ करून वाकलेला होता. डिकीचं झाकण वर उचललेलं. या गाडीत मागच्या दिव्यांचा अर्धा भाग झाकणावरच आहे, त्यामुळे तो आकाशाकडे गेला. उरलेल्यातला एक त्याच्या अंगामागे लपला. मागून येणाऱ्याला तो स्वतःच गाडी झाकून उभा असल्यासारखा होता.

१०:५२ ला त्रिकोण लागला, गाडीपासून वीस पावलांवर. माथ्याच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्या वाहनाला माथा चढण्याआधी दिसेल असा, तो जायला हवा होता. तिथवर चालत जाण्याचं धाडस त्याला झालं नाही, आणि तेही समजण्यासारखं आहे.

पर्याय कोणते होते

या टप्प्यावर त्याच्यासमोर चार वाटा होत्या. तेव्हा त्याला एकच दिसत होती.

पहिली, सगळ्यांनी पट्टे लावून आत बसायचं. गाडी चालत्या लेनपासून पूर्ण बाहेर, रुंद जागेत असेल, तर यावर वाद होऊ शकतो. अर्धी लेनमध्ये असेल तर नाही. मागून ८० च्या वेगाने धडक बसली, तर मागच्या सीटवरच्या मुलीच्या पाठीमागे डिकीच्या मीटरभर पत्र्याखेरीज काही नव्हतं. हा पर्याय राखून ठेवायचा तो ज्यांना उतरणं शक्यच नाही त्यांच्यासाठी: आजारी, अपंग, किंवा दाराबाहेर खोल उतार असेल तर. तेव्हा पट्टा लावून, इंडिकेटर चालू ठेवून लगेच आपत्कालीन फोन.

दुसरी, गाडी ढकलायची. रात्री, चालत्या लेनमध्ये, माणसाने गाडीच्या मागे उभं राहून. यावर जास्त शब्द खर्च करत नाही.

तिसऱ्या वाटेवर प्रशिक्षणात नेहमी वाद होतो. गाडी माथ्याच्या पलीकडे, उतारावर होती. पुढे साधारण ३०० मीटरवर रस्ता रुंद होत होता. ब्रेक सोडून न्यूट्रलमध्ये टाकली असती, तर ती आपल्याच भाराने तिथवर गेली असती. चालकाला हे दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी कळलं. काही जण म्हणतात, हाच खरा उपाय होता. मी अर्धवट सहमत आहे. इंजिन बंद असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पाय दाबला की संपतो. मग ब्रेक लागतो, पण पायात खूप जोर लागतो. स्टिअरिंग जड, पुढचा उजेड नाहीसा. त्यामुळे गाडी आधीच घरंगळत असेल तर घरंगळू द्यावी, हे मला मान्य. पूर्ण थांबलेली गाडी अंधारात, अनोळखी उतारावर, मागून येणाऱ्या वाहनांसमोर पुन्हा दहा-वीसच्या वेगाने सोडावी, असं मी कोणाला शिकवणार नाही.

चौथी वाट, सगळ्यांना बाहेर काढून कठड्यापलीकडे न्यायचं आणि तिथून आपत्कालीन क्रमांकावर फोन. आत्याचे गुडघे, झोपलेली मुलगी, ओलं गवत, अंधार, हे सगळं या वाटेच्या विरोधात होतं. ‘बसा आत’ हे उत्तर त्यातूनच आलं. गाडी म्हणजे घर असं वाटतं. दारं आहेत, छप्पर आहे, पावसाचा थेंब येत नाही.

निर्णय फिरला कसा

१०:५३ ला एक मोटरसायकलवाला पुढे जाऊन थांबला. त्याने मोटरसायकल कठडा जिथे संपत होता तिथून आत, मातीवर घेतली आणि कठड्याच्या पलीकडून चालत मागे आला. चालक त्याला अल्टरनेटरचं सांगू लागला. त्याने मधेच तोडलं: ‘दादा, गाडीचं राहू द्या. आत कोण आहे?’

पुढची पाच मिनिटं या प्रकरणातली सर्वांत चांगली. मुलीला कठड्याच्या बाजूच्या फटीतून तिरकं बाहेर काढलं. आत्याला त्या फटीतून निघता येईना. रहदारीच्या बाजूने उतरवायचं का, यावर दोघांचं क्षणभर अडलं. शेवटी मोटरसायकलवाल्याने आत्याची सीट पूर्ण मागे सरकवली, त्यामुळे पाय फिरवायला जागा झाली, आणि ती कठड्याच्याच बाजूने उतरली. कठडा ओलांडायला दोघांनी हात धरले.

पलीकडे पाय टाकण्याआधी त्याने टॉर्च मारून जमीन पाहिली. कठडा असतो तिथे पुष्कळदा त्यामागे पुलाची कड किंवा खोल नाला असतो. अंधारात उडी मारून पलीकडे गेलेली माणसं खाली पडलेली आहेत. इथे सपाट गवत होतं.

मग त्याने त्यांना गाडीच्या शेजारी उभं राहू दिलं नाही. कठड्यापासून चार-पाच पावलं आत आणि गाडीच्या मागच्या दिशेला, म्हणजे वाहनं जिकडून येत होती तिकडे, पंधरा-वीस मीटर नेलं. ही गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. पण मागून धडक बसली की उभी गाडी पुढे फेकली जाते. तिच्या पुढे किंवा अगदी बाजूला उभा असलेला माणूस कठड्यामागे असला तरी सुरक्षित नसतो, कारण लोखंडी कठडा धडकेने वाकण्यासाठीच बनवलेला असतो आणि वाकताना मागची जागा घेतो.

१०:५७ ला मोटरसायकलवाल्याने आपत्कालीन क्रमांक लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘कोणत्या दिशेने जाणारी लेन?’ दुभाजक असलेल्या रस्त्यावर या उत्तरावर मदत दहा मिनिटं लवकर किंवा उशिरा पोहोचते. त्याला किलोमीटरचा दगड आठवत होता, चालकाला नव्हता.

काय झालं

१०:५९ ला आत्या म्हणाली, ‘माझी औषधांची पिशवी आतच राहिली रे.’ चालक निघाला. मोटरसायकलवाला फोनवर होता.

पिशवी घेऊन तो कठड्याकडे परतत असताना, ११:०१ ला, माथ्यावरून व्हॅन आली. टायरचा आवाज ऐकून त्याने कठड्यावरून अंग टाकलं. व्हॅन गाडीच्या रहदारीकडच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. गाडी दहा-बारा मीटर पुढे गेली आणि कठड्याला घासत थांबली. मागची सीट, मुलगी झोपली होती ती बाजू, पुढच्या सीटपर्यंत दाबली गेली. व्हॅनच्या चालकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं, आपल्या चालकाचा घोटा. बाकी कोणाला काही नाही. पोलीस ११:१७ ला आले.

व्हॅनच्या चालकाचं म्हणणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो म्हणाला, ‘माथ्यावर आलो तेव्हा लाल दिवे दिसले. पुढे गाडी चाललीय असं वाटलं.’ इंडिकेटर लुकलुकत नव्हते का? ‘इतके मंद होते की कळलंच नाही.’ त्रिकोण? ‘तो आणि गाडी एकाच वेळी दिसले.’

वीस मिनिटांत बॅटरी पुरती बसली होती. दोन साधे हॅलोजन हेडलाइट मिळून ११० वॅट खातात. चार इंडिकेटर २१ वॅटचे, पण अर्धा वेळच पेटतात, म्हणजे सरासरी चाळीस-पन्नास वॅट. गाडी थांबताच हेडलाइट आणि ब्लोअर बंद केले असते, तर इंडिकेटर बराच वेळ ठसठशीत राहिले असते. इथे उलट झालं. लुकलुकणं मरत गेलं आणि मागचे स्थिर लाल दिवे अंधुक का होईना उरले. स्थिर लाल दिवा म्हणजे चालती गाडी, अशीच चालकाच्या डोळ्याला सवय असते.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या मते या प्रकरणाचा निकाल १०:२० ते १०:४० मध्ये लागला. दिवा लागल्यावर इंजिन बंद न करता पुढे जाणं चूक नव्हती, कारण बंद केलं असतं तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता. पण ‘पुढे’ म्हणजे घर नव्हे, पहिली उजेडाची जागा. एसी, ब्लोअर, काचेची तार बंद करून पेट्रोल पंपापर्यंत गेला असता, तर हे प्रकरण लिहायला मी बसलोच नसतो.

दुसरी संधी इंजिन बंद पडल्यावरच्या अर्ध्या मिनिटात होती. गाडीकडे तेव्हा वीज नव्हती, पण वेग होता. ७० च्या वेगाने न्यूट्रलमध्ये असलेली गाडी चढावरही तीनेकशे मीटर जाते, सपाटीला त्याहून बरीच जास्त. गिअरमध्ये अडकलेलं बंद इंजिन तोच वेग खातं. त्यात त्याने ब्रेक दाबला. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून, इंडिकेटर लावून, किल्लीला हात न लावता गाडी वाहू दिली असती, तर माथा ओलांडून ती उताराला लागली असती आणि त्या रुंद जागेपर्यंत बहुधा पोहोचली असती. किल्लीचा दुसराही धोका आहे: ती पूर्ण मागे फिरवून काढली गेली तर स्टिअरिंग लॉक होतं.

तिसरी गोष्ट क्रमाची. त्याने बॉनेट, मेकॅनिक, त्रिकोण, माणसं या क्रमाने कामं केली. बरोबर याच्या उलट क्रम हवा होता, आणि बॉनेटला तर त्यात जागाच नको होती.

त्रिकोणाबद्दल माझं मत पक्कं नाही. ब्रिटनचा हायवे कोड साध्या रस्त्यावर तो किमान ४५ मीटर मागे ठेवायला सांगतो, आणि मोटरवेवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती मार्गावर, अजिबात ठेवू नका म्हणतो. स्पेनने १ जानेवारी २०२६ पासून त्रिकोणाऐवजी गाडीच्या टपावर ठेवायचा लुकलुकणारा दिवा सक्तीचा केला. त्रिकोण लावायला रस्त्यावर चालत जावं लागतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. या प्रकरणात तो उपयोगी पडायला माथ्याच्या अलीकडे, गाडीपासून शंभर मीटरवर हवा होता. एवढं अंतर चालायला सव्वा मिनिट लागतं आणि तेवढ्या वेळात ८० च्या वेगाचं वाहन जवळपास १.७ किलोमीटर कापतं. कठड्याच्या मागून चालत जाऊन फक्त ठेवण्यापुरतं बाहेर यायचं, असं करता आलं असतं. माणसं बाहेर आल्यानंतर, आणि तेही रस्ता रिकामा दिसत असेल तर. ते जमत नसेल, तर वीस पावलांवरच्या त्रिकोणासाठी डिकीमागे तीन मिनिटं वाकण्यापेक्षा तो न लावलेला बरा.

पिशवीबद्दल चालकाला मी काही बोललो नाही. ती औषधं आत्याच्या रक्तदाबाची होती आणि सकाळपर्यंत न मिळती तरी चाललं असतं, हे आत्याने स्वतःच नंतर सांगितलं.

सध्या

चालक नवीन गाडी वापरतो. त्रिकोण आणि चमकणारं जाकीट त्याने डिकीतून काढून चालकाच्या सीटखाली ठेवलं आहे, टॉर्च दाराच्या खणात. घोटा थंडीत दुखतो. आत्या अजून त्याच्याबरोबर प्रवास करते. औषधांची पिशवी ती आता गळ्यात तिरकी अडकवते आणि पोहोचेपर्यंत काढत नाही.